सहा नंबरचं बटण

काचेच्या पलीकडे बसलेल्या म्हातारबुवांनी कानावरचा हेडफोन उचलला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं विचारलं, "अरे, तू बटण्या ना?"

मी दचकलो. एकसष्टाव्या वर्षी, पांढरा कोट घालून बसलेल्या आणि दुकानात सगळे 'सर' म्हणतात अशा माणसाला कुणी असं हाक मारत नाही. बटण्या हे नाव मी अडतीस वर्षांपूर्वी एका बँडच्या सामानाबरोबर टेम्पोत चढवून दिलं होतं. ते परत माझ्या पत्त्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

"आजोबा, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं," मी माइकमधून म्हणालो. "बोलणं नंतर."

"आजोबा काय म्हणतोस लेका! मी काका! अ‍ॅकॉर्डियनवाला!"

माझ्यामागे स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती. ती ओशाळून हसली. "बाबा, आधी तपासणी तर होऊ द्या."

मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करतो. लोकांना आवाज न शिरणाऱ्या त्या लहानशा खोलीत बसवायचं, कानात बारीक शिट्ट्या सोडायच्या, कुठली ऐकू येते आणि कुठली नाही ते कागदावर मांडायचं आणि मग त्यांच्या कानाजोगतं मशीन बसवून द्यायचं, हा माझा रोजचा उद्योग. बावीस वर्षं हाच करतोय. हात आपोआप चालतात, म्हणून त्या दिवशी तपासणी पार पडली. नाहीतर काकांचा चेहरा ओळखल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं.

काकांचा कागद चांगला नव्हता. जाड आवाज जेमतेम येत होते, आणि बारीक आवाजांपाशी रेघ जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. बाहेर आल्याबरोबर त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"केस कुठे गेले रे तुझे? मानेपर्यंत होते!"

"गेले, काका. तुमच्याआधी गेले."

"काय म्हणालास?"

"गेले म्हटलं!"

मुलीनं मला बाजूला घेतलं. ती पंचेचाळिशीची असेल, कुठल्याशा प्रयोगशाळेत नोकरीला होती. "डॉक्टर म्हणाले, नस वाळत चाललीय. मशीननं वर्षभर येईल ऐकू, फार तर दीड. पुढचं सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आहे तोवर तरी नीट ऐकू दे त्यांना."

मी मान हलवली. मशीन बसवण्याची माझी एक पद्धत आहे, ती मी तिला सांगितली. मी प्रत्येकाला एक ओळखीचं गाणं आणायला सांगतो. नवीन मशीनमधून स्वतःच्या बायकोचा आवाजही परका वाटतो, त्यामुळे 'कसं ऐकू येतंय' विचारलं की माणसं गोंधळतात. पण जे गाणं माणसानं हजारदा ऐकलंय, त्यात कुठे काय बिघडलंय ते तो अचूक सांगतो. 'इथलं व्हायोलिन नाकातून येतंय,' 'इथे बाई अशी किंचाळत नाही,' असं. त्यावरून मी मशीन जुळवतो. लोक जुन्या कॅसेटही आणतात, म्हणून मी दुकानात एक टेपरेकॉर्डर जपून ठेवलाय.

मुलीनं वडिलांच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, तुमच्या ओळखीचं एखादं गाणं आणायचंय. पुढच्या बुधवारी."

काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "माझं ओळखीचं गाणं याच्याकडेच आहे. अरे, तू सगळे कार्यक्रम टेप करायचास ना? आहेत का फेकून दिल्यास?"

"आहेत," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"मग झालं तर! अरे, मी कधी स्वतःला ऐकलंच नाही समोरून. स्टेजवर आपण आपलं वाजवतो. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ते कसं लागतं, हे मला बघायचं राहून गेलं. एकदा ऐकतो. मग कान गेले तरी तक्रार नाही आपली."

ते गेले आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाच्या डाव्या कानात उजव्या कानाचं मशीन घालून बसलो.

बाविसाव्या वर्षी मला संगीतातलं सगळं कळत होतं. त्यानंतर हळूहळू कमी होत गेलं. तेव्हा माझ्या लेखी खरं संगीत म्हणजे मोठ्या आवाजातली गिटार, तीही आम्ही मानायचो त्या दोन-तीन बँडची. बाकी सगळं रडगाणं. बासरी ऐकली की मला जांभई यायची. म्हातारे गायक कानावर हात ठेवून गायला लागले की मी त्यांच्याइतकाच कानावर हात ठेवायचो.

आमच्या बँडमध्ये चार मुलं होती. दोघांच्या हातात गिटार, एक ड्रमवर, एक गाणारा. मी पाचवा, समोर मिक्सरवर. कुणाचा आवाज किती सोडायचा ते माझ्या हातात, म्हणून मी बटण्या. सराव करायला जागा नव्हती, घरोघरून आम्हाला हाकललं होतं. काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. संध्याकाळची पाळी सुटली की त्यांनी आम्हाला स्टोअरमागची मोठी खोली उघडून द्यायला सुरुवात केली. चाळिशीचा माणूस, शर्ट नीट खोचलेला, खिशाला दोन पेनं. थर्मासमधून सगळ्यांसाठी चहा आणायचे आणि कोपऱ्यात पिंपावर बसून ऐकायचे. महिन्याभरानं एकदा येताना अ‍ॅकॉर्डियन घेऊन आले. कुणाला विचारलं नाही, नुसते आमच्या गाण्यामागे हळूच वाजवायला लागले. गाणाऱ्यानं सांगितलं, "जागा त्यांची आहे आणि माणूस भला आहे. वाजवू दे."

मला तो आवाज सोसायचा नाही. जुन्या मोटारीचा भोंगा आणि रडकं पोर यांच्या मधलं काहीतरी. आमच्या एवढ्या धारदार बँडमध्ये हे सर्कशीतलं वाद्य! पण माझं कोण ऐकणार? मग मी माझ्या हातात होतं ते केलं.

मिक्सरवर प्रत्येक वाद्याला दोन बटणं असतात, असं समजा. एकानं आवाज समोर प्रेक्षकांकडे जातो. दुसऱ्यानं तोच आवाज वाजवणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून त्याचा त्याला ऐकू येतो. काकांचा नंबर सहा. पहिल्या कार्यक्रमात मी सहा नंबरचं समोरचं बटण अर्ध्यावर ठेवलं. दुसऱ्या कार्यक्रमात पाव. तिसऱ्या कार्यक्रमापासून पार शून्यावर. पायाशी मात्र दणदणीत. काका डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून, भाता उघडत-मिटत वाजवत राहायचे आणि त्यातला एक सूरही स्टेजखाली उतरायचा नाही. ड्रम आणि गिटारांच्या दणक्यात अ‍ॅकॉर्डियन माइकशिवाय नुसतं तसं ऐकू येण्याची सोयच नव्हती. गाण्याच्या मध्यावर त्यांचा एकट्याचा तुकडा असायचा. तेव्हा समोर नुसते ड्रम वाजत राहायचे. लोकांना वाटायचं, गिटारवाला दम खातोय. तुकडा संपला की गाणारा काकांकडे हात करायचा, लोक सभ्यपणे टाळ्या वाजवायचे आणि काका कमरेत वाकायचे.

तीन वर्षं. चाळीसच्या वर कार्यक्रम. आणि टेप व्हायची ती समोर जाणाऱ्या आवाजाची, म्हणजे टेपमध्येही काका नाहीत. एकदा टेप ऐकताना गाणाऱ्यानं विचारलं होतं, "काका कुठेत?" मी म्हणालो, "वायर ढिली होती." पुढच्या टेपमध्येही वायर ढिलीच होती. मग त्यानं विचारणं सोडलं. बाकीच्यांना स्टेजवर काका ऐकू येत होते, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पुढे गाणाऱ्याला परगावी नोकरी लागली, बँड मोडला, आणि मी ही गोष्ट कुणाजवळ बोललो नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. चांगल्या बँडची मी सेवा केली, अशी माझी समजूत होती.

ती समजूत या दुकानानं मोडली. रोज पाच-सहा माणसं, प्रत्येकाचं एक ओळखीचं गाणं, आणि ते ऐकल्याशिवाय माझी सुटका नाही. कुस्तीगिरासारखा दिसणारा एक बसचालक अंगाईगीत घेऊन आला आणि ऐकताना त्यानं रुमाल काढला. साठीची एक परिचारिका नुसत्या ढोलांची कॅसेट घेऊन आली. म्हणाली, "जन्मभर हळू बोलले, आता जोरात ऐकायचंय." पहिली काही वर्षं मी नाक मुरडून ऐकलं. मग सवय झाली. मग एखादं गाणं घरी जाताना डोक्यात राहायला लागलं. पन्नाशीत मी बासरी लावून बसलो तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवून या एकदा." कानावर हात ठेवणारे ते म्हातारे गायकही मला गाठून गेले. ते इतका वेळ एकाच सुरावर का थांबतात, ते एका दुपारी मला उगाचच कळलं.

आणि सहा वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या गाण्याच्या सुरुवातीला अ‍ॅकॉर्डियन होतं. कुणीतरी दारात उभं राहावं, आत यावं की नाही असा विचार करावा आणि मग यावं, तसं ते आलं. मी टेप मागे घेतली. परत ऐकलं. परत मागे घेतली. बाई घाबरल्या. "मशीन बिघडलंय का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. त्यांना बसवून ठेवून मी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत गेलो आणि बेसिनचा नळ सोडून नुसता उभा राहिलो. आपण चाळीस वेळा काय बंद करून ठेवलं होतं ते मला तेव्हा समजलं आणि लाज वाटली. काकांना शोधावं असं फार वाटलं, पण धाडस झालं नाही. आता तेच चालत माझ्या दुकानात आले होते, आणि जे मी जगात कुठेच शिल्लक ठेवलं नव्हतं नेमकं तेच मागत होते.

रविवारी दुपारी मी माळ्यावरून खोकं काढलं. बायको मटार सोलत बसली होती. मी कॅसेट लावली. आमचा गाणारा गायला लागला. तो किती कच्चं गायचा ते अडतीस वर्षांनी कळलं. गिटारी नुसत्या भांडत होत्या. आणि मग मध्येच सगळं थांबलं आणि नुसते ड्रम वाजत राहिले. धाड, धाड, मध्ये काही नाही.

"हे काय?" बायकोनं विचारलं. "टेप अडकली का?"

"नाही. इथे काका वाजवतायत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मी तिला सगळं सांगितलं, पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. ती बराच वेळ शेंगेतले दाणे बोटानं ढकलत राहिली.

"मेल्याहून मेल्यासारखं होईल हो त्यांना," ती म्हणाली. "एवढ्या वयात कशाला सांगायचं? बुरशी लागली म्हणा. टेपना लागतेच बुरशी. चार दिवस हळहळतील आणि विसरतील."

मला ते पटलं. पटणारच, कारण माझ्या सोयीचं होतं. तरी बुधवारी निघताना मी ती कॅसेट बॅगेत टाकली. का टाकली, कुणास ठाऊक.

बुधवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला अजूनही दोन पेनं होती. मी दोन्ही कानांत मशीनं बसवली, वायरी कॉम्प्युटरला जोडल्या. खुर्ची ओढली, टेबल पुसलं, करण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं केलं.

"आणल्यास?"

"काका, बुरशी लागली. सगळ्याच गेल्या."

"काय?"

"टेप खराब झाल्या! बुरशी!"

काकांनी मान डोलावली. थोडा वेळ त्यांनी टेबलावरची धूळ नसलेली जागा हातानं पुसली. मुलगी त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे बाबा, दुसरं गाणं लावू."

"जाऊ दे," काका म्हणाले. मग एकाएकी हसले. "आमची ही असती तर म्हणाली असती, बरं झालं!"

"काकू?"

"दोन वर्षं झाली जाऊन. तिचं आणि माझ्या वाजवण्याचं वाकडं होतं बघ. म्हणजे घरी नाही, घरी ऐकायची. भाजी निवडता निवडता मान हलवायची. पण हॉलवर आली की आपलं एकच, तुमचं काही ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांचं येतं, तुमचं तेवढं येत नाही."

माझा हात कळफलकावर तसाच राहिला.

"आधी पुढच्या रांगेत बसली. मग म्हणाली, मधे बसून बघते. मग पार मागे, दारापाशी. शेवटी शेवटी बाल्कनीत चढून बसायची, या पोरीला बरोबर घेऊन. दर वेळी जागा बदलायची, आणि घरी जाताना रस्त्यात तेच पालुपद. मी म्हटलं, कान दाखवू तुझे. दाखवले. कान ठणठणीत! मग काय राहिलं सांग? मला तर माझा सूर न् सूर खणखणीत ऐकू येत होता. मी धरून चाललो की हिला माझं बँडबरोबर हिंडणं बघवत नाही. एवढी वर्षं मान मोडून नोकरी केली, कधी नव्हे ती एक हौस केली, तर तीही हिच्या डोळ्यांत सलते. दोन वर्षं सोसलं आणि एक दिवस सरळ तोंडावर म्हणालो, खोटारडी आहेस तू. पुन्हा येऊ नकोस."

"बाबा, पुरे आता," मुलगी हळू म्हणाली.

"अगं, घरच्यासारखाच आहे हा. नाही आली परत. मीही हट्टानं घरात वाजवणं सोडलं. बँड मोडला तसं वाद्य जे पलंगाखाली गेलं ते गेलंच. आणि गंमत बघ. शेवटी दवाखान्यात होती, म्हटलं, आता तरी खरं सांग, मी रागावणार नाही. तर म्हणाली, 'नव्हतं हो येत ऐकू.' मरताना सुद्धा हेका सोडला नाही बाईनं!"

ते पुन्हा हसले, पण ते हसू काही फार लांब गेलं नाही.

बायकोनं दिलेलं वाक्य मी बोलून चुकलो होतो. नुसतं गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. दुसरं कुठलंही गाणं लावायचं, मशीन जुळवायचं, दारापर्यंत सोडायला जायचं. काकांना काही कळलं नसतं, आणि काकू मात्र खोटारडीच राहिल्या असत्या. त्यांच्या बाजूनं बोलू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता आणि तो समोर पांढरा कोट घालून बसला होता.

"काका, काकू खरं बोलत होत्या."

"काय?"

मशीन अजून जुळलेलं नव्हतं. माझ्या धंद्यात कबुली हळू आवाजात द्यायची सोय नाही. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती, काउंटरवरची बाई होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि ओरडून सांगितलं, "काकू खरं बोलत होत्या! मी तुमचा आवाज बंद ठेवायचो! समोर जातच नव्हता! फक्त तुमच्या पायाशी सोडायचो!"

काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. कान गेलेली माणसं ओठ बघतात, तसं.

"कितीदा?"

"पहिले दोन सोडले तर सगळ्या कार्यक्रमांत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का रे?"

"मला आवडत नव्हतं."

"माझं वाजवणं?"

"ते वाद्यच. मला तेव्हा काहीच आवडत नव्हतं, काका. आपल्याला आवडतं तेवढंच गाणं, असं वाटायचं."

"आणि आता?"

"आता फार आवडतं."

"आता आवडतं," काका म्हणाले. रागानं नाही, उपहासानं नाही. एखाद्यानं सांगितलेला पत्ता आपण परत म्हणून बघतो तसं.

मुलगी उठून उभी राहिली होती. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. "बाल्कनीत आई मला विचारायची," ती म्हणाली. "तुला येतंय का गं ऐकू बाबांचं? तुझे कान लहान आहेत, तुला येईल. मला येत नव्हतं. पण मी हो म्हणायचे. मला वाटायचं, हो म्हटलं की बाबांना बरं वाटेल. घरी येऊन बाबांना सांगायचे सुद्धा, मला आलं ऐकू." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "सहा वर्षांची होते मी."

काका तिच्याकडे वळले. तिचं किती त्यांच्या कानात गेलं होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"टेप खरंच गेल्या?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"आहे इथे?"

मी बॅगेतून कॅसेट काढली.

"लाव."

"काका, त्यात तुम्ही नाही."

"कळलं मला. लाव."

मी लावली. वायरीतून तो आवाज थेट त्यांच्या मशीनमध्ये गेला, आणि आमच्यासाठी मी टेबलावरचा स्पीकरही चालू ठेवला. गाणं सुरू झालं. काकांच्या पायानं ठेका धरला. मध्येच त्यांनी बोट वर केलं. "गिटार फार चरचरते." मी कॉम्प्युटरवर दोन खुणा खाली आणल्या. "आता बरं आहे," ते म्हणाले. काम म्हणून काम होत होतं.

मग तो तुकडा आला. बाकी सगळं थांबलं आणि नुसते ड्रम राहिले. काकांचा डावा हात कोपरातून हलला, थोडा बाहेर, थोडा आत. उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. अडतीस वर्षांनंतरही त्यांना एक सूर शोधावा लागला नाही. मध्येच एकदा बोटं अडखळली.

"इथे घसरलं होतं माझं," ते म्हणाले. "त्या दिवशी रात्रभर मनाला लावून घेतलं होतं. सगळ्या हॉलनं ऐकलं म्हणून."

मला वर बघवेना. तुकडा संपला, टाळ्या पडल्या. गाणाऱ्याच्या माइकमधून त्या अगदी लांबून आल्यासारख्या येत होत्या.

"मागे घे. तेवढंच परत लाव."

मी मागे घेतली. या वेळी त्यांनी हात हलवले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते बसले. ड्रम वाजायला लागले.

"आवाज वाढव."

मी वाढवला.

"आणखी."

"आता नुसती खरखर येईल, काका."

"वाढव रे."

मी होता नव्हता तेवढा आवाज सोडला. खोलीत ड्रम घुमले आणि त्यांच्या मधल्या जागेत टेपची खरखर ऐकू यायला लागली. काका त्या खरखरीत काहीतरी शोधत असल्यासारखे डोळे बारीक करून ऐकत राहिले.

"ती हे ऐकायची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

बाजू संपली आणि टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं. मला वाटलं, आता ते मशीन काढून टेबलावर ठेवतील आणि निघून जातील. तसं केलं असतं तर त्यांचं काही चुकलं नसतं. मुलीनं पिशवी उचलली. "बाबा, चला. राहू दे आता. बाकीचं पुढच्या आठवड्यात करू."

"दुसरी बाजू आहे ना?" काका म्हणाले.

"बाबा, त्यातही तेच असणार. कशाला त्रास करून घेताय?"

"ती दोन वर्षं बसली," ते म्हणाले. "मला तासभर बसता येईल."

मी कॅसेट उलटी करून लावली. काकांनी खुर्ची जराशी मागे सरकवली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान पुढे काढून ऐकायला लागले.